रथांचे दत्तकविधान

बोरघाटाने चाकाच्या सर्व पिढ्या पाहिल्या आहेत. १८३० साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, या घाटातून गाडी नेता येईल असा रस्ता खुला झाला; तत्पूर्वी माणसाने पालखीतून वा पायी आणि मालाने बैलाच्या पाठीवरून घाट चढावा, अशीच रीत होती. १८६३ साली आगगाडी आली, विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार आली, आणि २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाल्यापासून तर मावळच्या भाताच्या खाचरांशेजारून अहोरात्र चाकांची नदीच वाहत असते. या गर्दीत क्वचित एखाद्या सुट्टीच्या सकाळी, खंडाळ्याच्या जुन्या रस्त्यावर, टप मागे पाडलेली, लांब नाकाची आणि गोल डोळ्यांची एखादी मोटार संथपणे वळण घेताना दिसते. पाहणारा सहजच विचारतो, “ही जुनी की नवी?”

हा प्रश्न पूर्वी सोपा होता. आता तो तसा राहिलेला नाही. विलायतेत अलीकडे अशा काही मोटारी तयार होऊ लागल्या आहेत की, त्यांचे नाव शंभर वर्षांचे, आराखडा ऐंशी वर्षांचा आणि लोखंड मात्र यंदाचे. अशा वस्तूस जुनी म्हणावे की नवी, अस्सल म्हणावे की नक्कल, हा विचार केवळ श्रीमंतांच्या हौसेचा नव्हे. नाव पुढे चालविणे म्हणजे नेमके काय चालविणे, हा त्यातील खरा प्रश्न होय. आणि ज्या घरांत कुलनाम, कुलाचार आणि वंशपरंपरा या शब्दांना अद्याप काही अर्थ आहे, त्या घरांनी तो आपलाच समजण्यास हरकत नाही.

प्रथम या मोटारी घडत कशा, हे सांगितले पाहिजे. आजची मोटार म्हणजे यंत्राने दाबून काढलेल्या पत्र्याचे एकसंध कवच; अंग आणि सांगाडा ही त्यात वेगळी करता येत नाहीत. पूर्वी तसे नव्हते. मोटारीचा कारखानदार एंजिन, चाके, कमानी आणि त्यांना धरणारी लोखंडी चौकट, म्हणजे ज्यास आपल्याकडील मिस्त्री ‘चासी’ म्हणतात ती, एवढेच तयार करी. गिऱ्हाईक ती चासी घेऊन दुसऱ्याच एका कारागिराकडे जाई. हा कारागीर मूळचा घोड्यांच्या बग्ग्या बांधणारा. तो ॲश नावाच्या चिवट लाकडाचा सापळा उभारी, त्यावर ॲल्युमिनियमचा वा पोलादाचा पत्रा हाताने ठोकून गोलाई आणी, कातड्याच्या गाद्या शिवी, आणि टप हवा तेव्हा पडावा, हवा तेव्हा उभा राहावा, अशी त्याची कांब आणि कापड बेताने बसवी. बैलगाडीचे आरे व तुंबा सुताराने करावे आणि तापवलेली धाव लोहाराने चढवावी, तसाच हा दोन हातांचा संसार होता. एकाच नावाच्या दहा चासींवर दहा निराळी अंगे चढत, आणि त्यांपैकी कोणतीही दोन तंतोतंत सारखी नसत.

उघड्या टपाची मोटार ही या कारागिराची खरी कसोटी असे. छपराचा आधार गेला की सर्व जोर खालच्या चौकटीवर व दारांच्या खांबांवर येतो. लाकडाचा सांधा किंचित जरी ढिला राहिला, तरी खडबडीत रस्त्यावर दारे कुरकुरू लागतात आणि पावसात टपाच्या शिवणीतून पाणी झिरपते. लोणावळ्याच्या पावसाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हे कौशल्य केवढे, हे निराळे सांगावयास नको.

आता ज्या नावाचे पुनरुज्जीवन हा आमच्या विवेचनाचा मुख्य दाखला आहे, त्याकडे वळू. १९१९ साली टी. जी. जॉन नामक गृहस्थांनी इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे एक कारखाना काढला, आणि त्याच्या मोटारी लवकरच ‘आल्विस’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. उलटा लाल त्रिकोण ही त्यांची खूण. हे घराणे आकाराने लहान, परंतु बुद्धीने मोठे. पुढच्या चाकांना शक्ती देणारी मोटार आल्विसने १९२८ साली विक्रीस आणली. आज आपल्याकडील बहुतेक लहान मोटारी त्याच तत्त्वावर चालतात. १९३०-४०च्या दशकात त्यांनी ४.३ लिटर एंजिनाची एक उंची मोटार काढली. तिच्या १५० चासी बांधावयाच्या ठरल्या होत्या. ७३ बांधून झाल्या. पुढे युद्ध आले, आणि १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर जो भीषण बाँबवर्षाव केला, त्यात आल्विसचा मोटारींचा कारखानाही पडला. ७७ चासी कागदावरच राहिल्या.

युद्धानंतर कारखाना पुन्हा उभा राहिला, पण त्याच्यावर निराळेच संकट ओढवले. आल्विसच्या चासींवर अंग चढविणारी दोन घराणी होती, मलिनर्स आणि टिकफर्ड. १९५०-६०च्या दशकाच्या मध्यास पहिले दुसऱ्या एका मोटारवाल्याशी करारबद्ध झाले आणि दुसरे ॲस्टन मार्टिनच्या मालकांनी विकत घेतले. आल्विसपाशी नाव होते, चासी होती, गिऱ्हाईकही होते. परंतु रथकार नव्हता. अखेर स्वित्झर्लंडातील हेर्मान ग्राबर नावाच्या कारागिराने त्यांच्या चासीवर जे डौलदार अंग रचले होते, त्याचाच आराखडा आल्विसने हक्काने घेतला आणि पुढे लंडनच्या पार्क वॉर्डकडून ती अंगे बांधवून घेतली. राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप यांनी या वंशातील उघड्या टपाची एक मोटार घेतली होती, आणि त्यांच्या उंचीसाठी तिचा टपही किंचित उंच करून घेतला होता. गिऱ्हाइकाचे माप घेऊन शिंप्याने अंगरखा शिवावा, तसा हा प्रकार.

१९६५ साली आल्विस रोव्हर कंपनीच्या ताब्यात गेली, आणि १९६७ साली तिची मोटार बंद झाली. नाव चिलखती गाड्यांवर तेवढे उरले. येथेच ही कथा संपावयाची. परंतु मोटारीचा व्यवहार बंद होताना एक शहाणपणाची गोष्ट घडली. मूळ आराखडे, प्रत्येक चासीची नोंद, सुट्या भागांचा साठा आणि काही जाणते कारागीर ही सर्व संपत्ती केनिलवर्थ येथील ‘रेड ट्रँगल’ नावाच्या संस्थेकडे गेली. जुन्या आल्विस दुरुस्त करणे हे तिचे काम. चाळीसएक वर्षे तिने हे काम निष्ठेने केले, आणि मग आल्विस हे नाव पुन्हा मोटारीकडे आणून तिने जाहीर केले की, ज्या ७७ चासी युद्धामुळे राहिल्या, त्या आम्ही पुढील क्रमांकाने बांधू. ग्राबरच्या घाटाची, टप पडणारी मोटारही तिने पुन्हा मागणीप्रमाणे घडवावयास घेतली. मोटार हाताने बांधावयाची, म्हणून तिला कित्येक महिने लागतात आणि वर्षाकाठी मोजक्याच बाहेर पडतात.

आता प्रश्न असा की, अठ्ठ्याहत्तर वा एकोणऐंशी क्रमांकाची ही आल्विस खरी आल्विस काय?

आमच्या शास्त्रकारांनी या स्वरूपाच्या प्रश्नाचा खल फार पूर्वी केलेला आहे, आणि योगायोग असा की, तो रथकार या शब्दावरच केला आहे. वेदात रथकाराने पावसाळ्यात अग्न्याधान करावे असे विधान आहे. जैमिनींच्या पूर्वमीमांसेत शंका निघाली की, रथकार म्हणजे कोण? जो कोणी रथ घडवील तो, की त्या नावाने लोकांत ओळखला जाणारा विशिष्ट समाज? पहिला अर्थ शब्दाच्या अवयवांतून, म्हणजे योगाने, निघतो; दुसरा रूढीने. मीमांसकांनी निर्णय दिला की, रूढी ही योगापेक्षा बलवान. म्हणून येथे रथकार म्हणजे सौधन्वन नामक समाजच घ्यावयाचा. शब्दार्थाच्या दृष्टीने हा निर्णय बिनतोड आहे. परंतु व्यवहाराच्या बाजारात हेच तत्त्व लावले, तर मोठाच घोटाळा होतो. तेथे ज्याच्या हाती नावाचा कागद, तोच रथकार ठरतो, मग रथाशी त्याचा संबंध असो वा नसो.

यावर उपायही आपल्याच शास्त्रात आहे. तो दत्तकाचा. वंश खुंटला म्हणजे पुत्र दत्तक घेता येतो. परंतु त्याला केवळ आडनाव देऊन भागत नाही. दत्तक हा औरस पुत्राची छाया धारण करणारा असावा, असा ग्रंथकारांचा कटाक्ष आहे. आणि तो घेण्याचा हेतू म्हणजे पूर्वजांची पिंडक्रिया व कुळाचे नाव अखंड राहावे. अर्थात नाम, रूप आणि क्रिया अशा तीन कसोट्या झाल्या. आल्विसला त्या लावून पाहा. नाम कायदेशीर हस्तांतराने आले आहे. रूप मूळ आराखड्यांवरून उतरले आहे. आणि क्रिया, म्हणजे लाकूड, पत्रा आणि कातडे यांची हातांनी करावयाची सेवा, ती मध्यंतरी दुरुस्तीच्या रूपाने का होईना, अखंड चालू राहिली आहे. हे दत्तक आम्ही तरी विधियुक्त मानतो.

याउलट उदाहरणांची वाण नाही. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये सेसिल किंबर यांनी ज्या हलक्या, खुल्या, चपळ मोटारी १९२४ च्या सुमारास घडविण्यास आरंभ केला, त्यांचे ‘एमजी’ हे नाव आज चीनमधील साइक या उद्योगाचे आहे. २०१९ साली गुजरातेतील हालोल येथून ते नाव धारण करून पहिली गाडी निघाली, ती कुटुंबाने बसण्याची, उंच, चिनी नमुन्यावर बेतलेली. गाडी म्हणून तिच्यात उणे काढावयाचे आम्हांस कारण नाही, आणि सामान्य गिऱ्हाइकास ती सोयीचीही असेल. परंतु किंबरच्या मोटारीची छाया तिच्यात शोधू जाता सापडणे कठीण. पुढे २०२५ साली त्याच नावाची विजेवर चालणारी, टप पडणारी, दोन आसनांची मोटार आपल्या देशात विक्रीस आली. रूपाचा काही अंश तरी परत आला, ही समाधानाची गोष्ट. तथापि एमजीचे जे घर, ते ॲबिंग्डनचे कारखान्याचे आवार, १९८० सालीच बंद झाले होते, आणि तेथील हातांची विद्या पुढे कोणी घेतली नाही.

वाचक म्हणतील, विलायतेतील या नावांशी मावळास काय कर्तव्य? कर्तव्य आहे, आणि ते बरेच निकटचे आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे पाणी अडवून १९१५ साली खोपोलीस वीज उत्पन्न करणारा टाटांचा उद्योग आमच्या वाचकांस परिचित आहेच. त्याच उद्योगाच्या पुढच्या धरणासाठी शेजारच्या मुळशी खोऱ्यातील मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हेही विसरता येत नाही. या घराण्याने पिंपरीस मोटारींचा मोठा कारखाना उभारला. आणि २ जून २००८ रोजी अमेरिकेच्या फोर्ड कंपनीकडून जॅग्वार व लँड रोव्हर ही दोन इंग्रजी घराणी २३० कोटी डॉलरांस खरेदी केली. २०११ पासून लँड रोव्हरची जुळणी पुण्यातच होऊ लागली.

या खरेदीत आणखी दोन नावे आली, त्यांची चर्चा मात्र फारशी झाली नाही. एक डेम्लर आणि दुसरे लँचेस्टर. १८९६ साली स्थापन झालेले डेम्लर हे इंग्लंडचे राजघराण्याचे वाहन. सातव्या एडवर्डाने युवराज असताना १९०० साली ते घेतले, आणि पुढे कित्येक दशके राजवाड्यात त्याचाच मान होता. फ्रेडरिक लँचेस्टर हा तर ऋषितुल्य यंत्रज्ञ. त्याने १८९५ साली बर्मिंगहॅम येथे आपली पहिली मोटार सिद्ध केली, आणि आज प्रत्येक मोटारीस असणाऱ्या तबकडीच्या ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले. जामनगरचे जामसाहेब, क्रिकेटवीर रणजितसिंहजी, यांची या मोटारीवर विशेष प्रीती होती. लँचेस्टरची मोटार १९५०-६०च्या दशकात बंद झाली. डेम्लरचे नाव एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर मावळले. १९९६ साली डेम्लरच्या शताब्दीनिमित्त उघड्या टपाची, चौघांनी बसावयाची एक मोटार मात्र घडविण्यात आली होती, आणि तिला ‘कॉर्सिका’ असे लंडनच्या एका जुन्या रथकाराचे नाव दिले होते. ती एकच घडली. विक्रीस कधी आलीच नाही.

इतिहासाचा हा खेळ मनन करण्याजोगा आहे. १८४८ साली सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले, तेव्हा त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक लॉर्ड डलहौसीने अमान्य केले आणि राज्य खालसा केले. १८५४ साली झाशीच्या दामोदररावांच्या दत्तकाचीही तीच गत झाली. दत्तकाने वंश चालतो, हे ज्या सत्तेस त्या काळी पटले नाही, तिच्याच भूमीतील निपुत्रिक नावे आज मुंबईच्या घरांत दत्तक येऊन बसली आहेत. डेम्लर १९१० पासून १९६० पर्यंत ज्या बीएसए कंपनीच्या मालकीचे होते, ते बीएसएचे नावही २०१६ साली महिंद्रांच्या पंखाखालील एका मंडळीने सुमारे ३४ लाख पौंडांस घेतले, आणि २०२१ च्या अखेरीस त्या नावाची मोटारसायकल इंग्लंडात पुन्हा प्रकट केली. आई एका घरी, लेक दुसऱ्या घरी. सूडाचा आनंद मानावा असा हा प्रसंग नव्हे. डलहौसीने दत्तक नाकारून जो अन्याय केला, तो दत्तक स्वीकारून त्याचे कर्तव्य न करण्याने भरून निघत नाही. ज्याच्या ओटीत नाव आले, त्याच्या शिरावर पूर्वजांचे ऋणही आले.

हे कर्तव्य कशात आहे, ते पाहावयास मावळाबाहेर जाण्याचे कारण नाही. तळेगाव येथे २००८ साली जनरल मोटर्सने शेव्हरोलेचा कारखाना उघडला. मावळातील किती तरी शेतकऱ्यांची मुले हातात पाना घेऊन तेथे उभी राहिली, आणि यंत्रविद्येत तरबेज झाली. २०१७ अखेर कंपनीने आपल्या देशातील विक्री थांबविली, डिसेंबर २०२० मध्ये कारखानाही थांबला, आणि कामगारांना आपल्या भाकरीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०२३ साली ते आवार घेण्याचा करार ह्युंदाईने केला. भिंती त्याच, दारावरील पाटी निराळी. शेव्हरोले या नावाचे यात काही बिघडले नाही; ते सातासमुद्रांपलीकडे सुखरूप आहे. बारा वर्षे कमावलेला हात मात्र वाऱ्यावर पडला. नाव कागदावर शंभर वर्षे टिकते. हाताची विद्या तशी टिकत नाही. एक पिढी रिकामी गेली की ती संपते. पत्रा किती ठोकला म्हणजे ताणतो आणि किती ठोकला म्हणजे फाटतो, हे पुस्तकात लिहिता येत नाही. ते मनगटातून मनगटात जाते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. टाटांच्या पेटीत डेम्लर आणि लँचेस्टर ही नावे निजलेली आहेत. ती उद्या कोणी जागी केली, तर नव्या यंत्रगाडीवर जुने पदक ठोकून जागी करू नयेत. वर्षाकाठी दहाच मोटारी निघोत, त्या विजेवर चालोत की तेलावर. परंतु त्यांच्या अंगास कारागिराचा हात लागलेला असावा, आणि त्या कारागिरांत दोनचार मावळची मुले असावीत. सुताराची, लोहाराची, चर्मकाराची जी परंपरा आपल्या गावांत अद्याप धुगधुगते आहे, तिला त्या निमित्ताने नवे अन्न मिळेल. ज्यास ती मोटार घेण्याचे सामर्थ्य आहे तो घेईल. बाकीच्यांना विद्येचे रक्षण झाल्याचे समाधान पुष्कळ आहे.

आणि हाच न्याय आपल्या घरांसही लागू आहे, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. आज कित्येक वाड्यांच्या दारावर आडनावाची पाटी चकचकीत आहे. आत मात्र पणजोबांच्या पोथ्यांची लिपी वाचणारा कोणी नाही, आजीच्या हातची मेतकुटाची प्रमाणे कोणी उतरवून घेतली नाहीत, आणि सणावारी म्हणावयाच्या आरत्या यंत्रातून वाजतात. आम्ही नाम राखले, रूपही काही अंशी राखले. क्रिया मात्र सोडली. केनिलवर्थच्या मंडळींनी निदान आराखडे जपले आणि चाळीस वर्षे जुन्या मोटारी दुरुस्त करीत हात चालता ठेवला. तेवढे जरी आपण केले, एक पोथी, एक पाककृती, एक पाठ पुढच्या पिढीच्या हाती प्रत्यक्ष दिला, तरी वंश चालला असे म्हणता येईल.

ऋग्वेदात सुधन्व्याचे पुत्र ऋभू यांची कथा आहे. ते मूळचे मर्त्य कारागीर. त्यांनी अश्विनीकुमारांचा रथ घडविला आणि आपल्या जरठ मातापित्यांना पुनः तारुण्य आणून दिले; या कौशल्यामुळेच त्यांना देवत्व लाभले. वृद्धांना तरुण करण्याचा अधिकार वेदाने राजाला दिला नाही, धनिकालाही दिला नाही. तो ज्याच्या हातात विद्या आहे, त्याला दिला.